लग्नाचे फोटो : आधी फ्लॅश घ्यावा की लेन्स?

तिठा

सर्वांना नमस्कार. माझ्या मावसबहिणीचे लग्न डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नाशिकला, गंगापूर रस्त्यावरील एका लॉनवर आहे. मुहूर्त गोरज आहे, म्हणजे मंगलाष्टके सुरू होतील तेव्हा उजेड असेल आणि संपतील तेव्हा तो नसेल. व्हिडिओसाठी मावशीने एक चमू ठरवला आहे, फोटोंचे काम मात्र "एवढा कॅमेरा घेऊन गड हिंडतोस, तर बहिणीचे फोटो काढायला काय होते?" असे म्हणून माझ्या गळ्यात घातले आहे.

माझ्याकडे सोनी ए६४०० हा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १६-५० मिमी लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८ (एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे) अशी आणखी एक लेन्स आहे. फ्लॅश नाही आणि आजवर कधी वापरलेलाही नाही. साधारण तीस हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. या रकमेत एक चांगली, मोठ्या छिद्राची लेन्स तरी येईल किंवा फ्लॅश, स्टँड वगैरे साहित्य तरी येईल. ज्यांनी लग्नाचे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे की यांपैकी आधी काय घ्यावे, आणि का.

अभ्रक

लेन्स घ्या. सोबत आलेली लेन्स ५० मिमीवर एफ/५.६ पर्यंतच उघडते, आणि एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. ज्या उजेडात पहिल्या लेन्सला आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो) १२८०० लागेल, तेथे दुसरीला १२५० पुरेल. हा फरक छापील अल्बममध्येही डोळ्यांना दिसतो.

५० मिमी आपल्याकडे आहेच, परंतु ए६४०० चा सेन्सर लहान असल्यामुळे ती फुल फ्रेमवरच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) ७५ मिमीसारखे दृश्य दाखवते. स्टेजवर वधूवरांपासून चार फुटांवर उभे राहावे लागले तर दोघे मिळून तिच्यात मावणार नाहीत. म्हणून २३ किंवा ३० मिमीची एफ/१.४ लेन्स घ्यावी, असे मी सुचवेन. फ्लॅशने दिवसाचे वातावरण मारले जाते. सगळी लग्ने एकाच भिंतीसमोर लागल्यासारखी दिसू लागतात.

केळफूल

लग्नाचे फोटो काढणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि अभ्रक यांच्या मताशी मी सहमत नाही.

नाशिकला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत आकाशाचा उजेड संपतो आणि मग लॉनवर उरतात ते स्टेजवरचे दिवे, झाडांवरच्या माळा आणि व्हिडिओवाल्यांचा एक प्रखर एलईडी, जो नेहमी त्यांच्याच कॅमेऱ्याच्या बाजूने येतो. एफ/१.४ ची लेन्स प्रकाश जास्त घेते हे खरे, पण प्रकाशाची दिशा ती बदलू शकत नाही. वरून येणाऱ्या दिव्यांमुळे मुंडावळ्यांची सावली डोळ्यांवर पडली असेल, तर एफ/१.४ मधूनही ती सावलीच येईल. शिवाय एफ/१.४ वर जवळून फोटो काढला तर वधूच्या डोळ्यांवर फोकस असताना तिच्या शेजारी अर्धे पाऊल मागे उभी असलेली आई धूसर होते. लग्नात असा फोटो कोणी मागत नाही.

फ्लॅश घ्यावा, पण तो कॅमेऱ्यावर ठेवून सरळ समोर मारू नये. कार्यालयात छत पांढरे असेल तर फ्लॅशचे तोंड छताकडे वळवले की मऊ प्रकाश मिळतो. छताला लाल-पिवळे कापड ताणलेले असेल तर तोच प्रकाश लाल-पिवळा होऊन चेहऱ्यावर उतरतो. आपल्या लॉनवर तर छतच नाही, तेव्हा वर मारलेला फ्लॅश नाशिकच्या आकाशात जाईल. तेथे स्टँडवर उभा केलेला फ्लॅश, त्यावर छत्री किंवा लहान सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) आणि कॅमेऱ्यावर रेडिओ ट्रिगर (दूरचा फ्लॅश उडवणारे यंत्र) हाच मार्ग आहे. ट्रिगर सोनीच्या जोडणीचाच घ्यावा, दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यासाठीचा चालत नाही. आपल्या कॅमेऱ्याला फ्लॅशसह १/१६० सेकंदापर्यंतचाच शटर वेग मिळतो, हे ध्यानात ठेवावे.

भिंगरी

लेन्स घ्या किंवा फ्लॅश घ्या, पण वधूच्या मामांचा फोटो चुकवू नका. बाकी सारे क्षम्य असते.

नाना_वाईकर

भिंगरीताईंनी थट्टेत सांगितले, पण ते अगदी खरे आहे.

मी फिल्मच्या काळात हे काम केले. याशिका मॅटमध्ये १२० चा रोल घातला की ६ × ६ सेंटिमीटरचे बारा फोटो मिळत, आणि तेरावा हवा असेल तर रोल बदलावा लागे. मंगलाष्टके चालू असताना रोल संपू नये म्हणून ती सुरू होण्याआधीच, दोन-तीन फोटो शिल्लक असले तरी, रोल बदलून टाकण्याची आमची रीत होती. फ्लॅशचे गणित डोक्यात चाले. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ४० असेल आणि फिल्म १०० आयएसओची असेल, तर पाच मीटरवरच्या माणसासाठी एफ/८ ठेवायचे, कारण चाळीस भागिले पाच आठ होतात. आजचे फ्लॅश स्वतःच हिशेब करतात, पण हा भागाकार ज्याला येतो तो फ्लॅशला घाबरत नाही.

आता तिठा यांच्या प्रश्नाकडे येतो. उपकरण कोणतेही असो, लग्नात एकच क्षण असा आहे जो पुन्हा करून दाखवता येत नाही, आणि तो म्हणजे अंतरपाट दूर होण्याचा. हार पुन्हा घालायला सांगता येतात, पाठवणीच्या आधी मोटारीजवळ दोन मिनिटे थांबवता येते. अंतरपाट पुन्हा धरला जात नाही. तो क्षण कधी येणार हे गुरुजींच्या तोंडूनच कळते. मंगलाष्टके म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांची हौस फिटली की गुरुजी "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू करतात. बहुतेक ठिकाणी हा शेवटचा श्लोक असतो, आणि तो संपला की वाजंत्री वाजते. हे शब्द कानावर पडले की आपण जागेवर असले पाहिजे. त्या वेळी लेन्स बदलत बसू नये. जागा बाजूची, म्हणजे अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत घ्यावी, तरच दोघांचे चेहरे एका चौकटीत येतात.

केळफूल

नानांच्या मुद्द्याला एक जोड देते. अंतरपाट पांढरा असतो, आणि कॅमेरा मापनाच्या वेळी त्या पांढऱ्या कापडालाच सारे दृश्य समजतो. प्रकाशमापन स्वयंचलित ठेवले असेल तर अंतरपाट असेपर्यंत चेहरे काळवंडतात, आणि तो खाली गेला की मोजमाप एकदम उलटे होऊन पुढचे दोन-तीन फोटो भलतेच उजळ येतात. नेमके तेच फोटो हवे असतात. म्हणून मंगलाष्टके चालू असतानाच वधूच्या गालावर मोजमाप घेऊन शटर, एपर्चर (लेन्सचे छिद्र) आणि आयएसओ हे तिन्ही हाताने ठरवून ठेवावेत. गोरज मुहूर्त असल्यामुळे दर कडव्याला आयएसओ थोडा वाढवत जावे लागेल.

याच अंतरपाटाचा एक फायदाही आहे. वधूच्या बाजूला उभे राहून, तिच्यामागून किंवा कडेने प्रकाश येत असताना पाहिले, तर ते कापड तिच्या चेहऱ्यावर मऊ उजेड परत फेकते. त्या वेळचे एकटीचे फोटो मला स्टेजवरच्या कोणत्याही फोटोपेक्षा अधिक आवडतात.

अभ्रक

अंतरपाटाचा मुद्दा मान्य आहे. परंतु नेमक्या त्याच क्षणी सगळीकडून अक्षता येतात, आणि फ्लॅश लावलेला असेल तर लेन्सजवळून जाणारा प्रत्येक दाणा पांढराफटक ठिपका होऊन बसतो. वधूच्या नाकावर असा ठिपका असलेले फोटो मी कितीतरी अल्बमांत पाहिले आहेत. फ्लॅशशिवाय १/५०० सेकंदावर काढलेल्या फोटोत दाणे हवेत थांबलेले दिसतात आणि चेहरे स्वच्छ राहतात. हे केळफूल यांना कसे जमते?

केळफूल

ठिपके येतात ते फ्लॅश कॅमेऱ्यावर असतो म्हणून. लेन्सच्या अगदी पुढचे दाणे तेव्हा सर्वांत जास्त उजळतात. फ्लॅश स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात, वधूवरांच्या पाठीमागे उंचावर ठेवून पाहा. मग अक्षता मागून उजळतात, काळोख्या आकाशावर उठून दिसतात आणि चेहऱ्यांना स्टेजचा प्रकाश राहतोच. होमाच्या वेळीही हेच लागू आहे. समोरून फ्लॅश मारला तर धूर पांढरा पडदा होऊन सगळे चित्र फिके करतो. मागून मारला तर तोच धूर दिसतो आणि शोभतो.

१/५०० बद्दल मात्र सांगा, सूर्यास्तानंतर लॉनवर तो वेग आपण कोणत्या आयएसओवर मिळवणार आहात?

अभ्रक

६४०० वर, आणि वर थोडा नॉइज (दाणेदारपणा) आला तरी चालेल असे मनाशी ठरवून. फोटो हलला तर त्यावर इलाज नाही. नॉइज मात्र आजकालच्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी आवरता येतो.

आडगाव_नाका

मी नाशिकचाच आहे, म्हणून स्थानिक परिस्थिती सांगतो. तीस हजारांत विकत काय घ्यावे याची चर्चा चालू आहे, पण एका लग्नासाठी विकत घेण्याची गरजच काय? फुल फ्रेम कॅमेरा, २४-७० मिमी एफ/२.८ लेन्स आणि दोन फ्लॅश हे सगळे भाड्याने मिळते. अडचण एवढीच आहे की तुळशीचे लग्न झाल्यापासून डिसेंबरच्या मध्यास धनुर्मास लागेपर्यंत लग्नतिथी दाट असतात, आणि दाट तिथीला भाड्याचे सामान कितीतरी आधी बोलून ठेवलेले असते. तारीख नक्की असेल तर आजच फोन करावा. सामान आदल्या दिवशी सकाळी ताब्यात घ्यावे, म्हणजे हाताळून पाहता येईल. परक्या कॅमेऱ्याची बटणे मांडवात शोधत बसण्यासारखी फजिती नाही.

दुसरी गोष्ट, आजकाल लॉनवर वधूवरांच्या मागे मोठी एलईडी भिंत असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात, म्हणून १/५० किंवा १/१०० सेकंदावर फोटो एकसारखे येतात. एलईडी भिंत आणि रंगीत पार दिवे (स्टेजवरचे झोतदिवे) मात्र स्वतःच्या वेगळ्याच गतीने लुकलुकतात, आणि १/५०० वर फोटोत आडवे पट्टे दिसू शकतात. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावले तर पट्टे हमखास वाढतात, तेव्हा स्टेजवर यांत्रिक शटरच ठेवावे. शटरचा आवाज सनई-चौघड्यात कोणाला ऐकू येणार आहे? स्टेजचे दिवे लागल्याबरोबर दोन-चार वेगांवर चाचणीचे फोटो काढून, पडद्यावर मोठे करून पाहावेत.

कृष्णधवल

मला मूळ प्रश्नाच्या आधीचा प्रश्न विचारायचा आहे. बहिणीच्या लग्नात आपण भाऊ म्हणून असणार आहात की छायाचित्रकार म्हणून? लाजाहोमाच्या वेळी वधूच्या भावाला बोलावतात, कानपिळीचा मान त्याचाच असतो. सख्खा भाऊ नसेल तर मावसभावाला हाक येते. तेव्हा कॅमेरा कोणाच्या हातात द्यायचा? आणि संपूर्ण अल्बममध्ये आपला स्वतःचा एकही फोटो नसेल, हेही लक्षात घ्यावे. मावशीला सांगून एखादा व्यावसायिक निदान मुहूर्तापासून सप्तपदीपर्यंत ठरवावा आणि आपण हळद, तयारी, पंगत, पाठवणी हे मोकळेपणाने टिपावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भिंगरी

कानपिळीच्या वेळी एका हातात कान आणि दुसऱ्या हातात कॅमेरा धरून काढलेला फोटो अद्याप कोणी काढलेला नसावा. संधी सोडू नये.

तिठा

सर्वांचे आभार. कृष्णधवल, आपला प्रश्न नेमका आहे, कारण बहिणीला सख्खा भाऊ नाही आणि कानपिळी मलाच करायची आहे. माझ्या एका मित्राकडे निकॉनचा फुल फ्रेम कॅमेरा आणि २४-७० मिमी लेन्स आहे, आणि तो मुहूर्ताच्या वेळी उभा राहायला तयार झाला आहे.

आता आणखी दोन शंका आहेत. हळद सकाळी घराच्या अंगणात आहे. मागे एका हळदीत मोबाइलवर काढलेल्या फोटोंत सर्वांचे चेहरे विचित्र निळसर आले होते, ते कशामुळे? आणि बहिणीने सुनमुखाचा फोटो आवर्जून मागितला आहे, तो आरशातला कसा घ्यायचा?

केळफूल

हळदीत चौकटभर पिवळे असते. स्वयंचलित व्हाइट बॅलन्सला (प्रकाशाच्या रंगाची भरपाई करणाऱ्या सोयीला) वाटते की प्रकाशच पिवळा आहे, आणि तो भरपाई म्हणून सगळे निळ्याकडे ढकलतो. उन्हात ५२०० ते ५५०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचे माप) असा एकच आकडा ठरवून टाका आणि फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात काढा. पिवळ्या आणि लाल रंगांत बारकावे लवकर नाहीसे होतात, म्हणून एक्स्पोजर जरा कमीच ठेवावे, आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगळा दिसेल अशी सोय असेल तर तो पाहावा. वधू गौरीहर पुजताना पिवळी अष्टपुत्री नेसणार असेल तर तेथेही हेच करावे.

संध्याकाळी लॉनवर गोष्ट उलटी होते. आकाश निळे, माळांचे दिवे पिवळे आणि व्हिडिओवाल्यांचा एलईडी पांढरा असतो. अशा वेळी फ्लॅशवर फिका नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पापुद्रा) लावून त्याचा रंग माळांच्या जवळ आणावा आणि कॅमेरा ४००० केल्विनच्या आसपास ठेवावा. आकाश अधिक निळे येईल, पण ते बिघडलेले वाटत नाही.

सुनमुखाच्या वेळी फोकस आरशाच्या चौकटीवर जातो आणि चेहरा धूसर येतो. कॅमेरा आरशापासून तीन फुटांवर आणि चेहरा आरशासमोर दोन फुटांवर असेल, तर फोकस पाच फुटांवर लागला पाहिजे. ए६४०० चा डोळ्यांवरचा फोकस आरशातला डोळाही बहुतेक वेळा पकडतो, पण सासूबाईंचा खराखुरा डोळा चौकटीत असेल तर त्याच्याकडे वळू शकतो. तेव्हा फोकसचा चौकोन हाताने आरशावरच्या चेहऱ्यावर न्यावा. एफ/४ ठेवले तर आरशाची चौकटही ओळखू येते. फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर आरशात तोच दिसेल. फोटो काढणाऱ्याने आपण स्वतः आरशात दिसत नाही ना हेही पाहावे.

सुगरणीचा_खोपा

मी छायाचित्रकार नाही, पण एका अल्बमची मालकीण आहे. आमच्या अल्बममध्ये कपाळाला कपाळ लावून डोळे मिटलेले आमचे दोघांचे पानेच्या पाने आहेत. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, आणि त्यात ती कोणाच्या तरी खांद्याआडून दिसते. येथे आयएसओची चर्चा वाचताना वाटले की हे सांगावे. मुहूर्ताच्या आधी, उजेड असताना, घरातल्या ज्येष्ठांची यादी हातात घेऊन प्रत्येकाचा वधूबरोबर एक नीट फोटो घ्यावा. त्यांना रात्री स्टेजवर रांगेत उभे करू नये. रांग लांबते आणि ती मंडळी जेवून लवकर निघून जातात.

नाना_वाईकर

सुगरणीचा_खोपा यांनी लाखमोलाचे सांगितले. आमच्या वेळी यजमानच घरातल्या एका जाणत्या बाईला आमच्याबरोबर देत असत. "ही थोरली जाऊ, ही आत्या, या दोघींना शेजारी उभे करू नका" इतकी माहिती तिच्याकडे असे. आजही अशी एक व्यक्ती मागून घ्यावी.

समूहाच्या फोटोबद्दल थोडे सांगतो. दोन रांगा असतील तर एफ/५.६ च्या खाली येऊ नये, आणि फोकस पुढच्या रांगेवर ठेवावा. जागा कमी पडते म्हणून लेन्स अगदी रुंद करू नये. कडेला उभी असलेली माणसे ताणल्यासारखी दिसतात, आणि कडेला बहुधा काका-मामाच असतात. त्यापेक्षा दोन पावले मागे जावे किंवा माणसे कमी करून दोन फोटो काढावेत.

शमा_डिचोली

गोव्यात मी हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही प्रकारच्या लग्नांचे फोटो काढते. चर्चमध्ये सगळी गणिते बदलतात, म्हणून लिहिते. बहुतेक पाद्री वेदीजवळ फिरू देत नाहीत आणि विधी चालू असताना फ्लॅश नको म्हणतात. तेथे अभ्रक यांचे म्हणणे पूर्ण खरे ठरते. ८५ मिमी एफ/१.८ किंवा ७०-२०० मिमी एफ/२.८ घेऊन बाजूच्या ओळीतून काढावे लागते. वधूचा पोशाख शुभ्र आणि वराचा सूट काळा असल्यामुळे मापन पांढऱ्या कापडावर करावे. रॉ फाइलमध्ये काळोख्या भागातून तपशील पुष्कळसा परत आणता येतो, पण जळून गेलेला पांढरा परत येत नाही. आदल्या दिवशीच्या रोसला, म्हणजे वधूला किंवा वराला नारळाचा रस चोळण्याच्या कार्यक्रमात, नात्यातली पोरे फोटोवाल्यालाही सोडत नाहीत. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी आणि लेन्सवर फिल्टर असल्याखेरीज पुढे जाऊ नये. हळदीलाही ही सूचना उपयोगी पडेल.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत राहतो. येथे मराठी लग्नाला बऱ्याचदा असा छायाचित्रकार मिळतो की ज्याचा हात उत्तम असतो, पण अंतरपाट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. आम्ही घरच्या एका लग्नात विधींचा क्रम लिहून दिला होता. प्रत्येक विधीपुढे कोण कोठे उभे राहील, किती वेळ लागेल आणि कोणता क्षण चुकवू नये, एवढेच लिहिले होते. सप्तपदीपुढे "पायांकडे पाहा, तांदळाच्या राशी" असे लिहिले, म्हणून तो जमिनीलगत बसला आणि तो फोटो सर्वांत चांगला आला. तिठा यांच्या मित्राला विधी माहीत असतील असे गृहीत धरू नये. त्यालाही असा कागद द्यावा. येथली वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे शटर १/६० किंवा १/१२५ ठेवावे लागते, हे परदेशातल्या वाचकांसाठी.

आडगाव_नाका

क्षणभर विषयांतर करतो. व्हिडिओवाले ड्रोन आणणार असतील तर त्यांना कागदपत्रे विचारावीत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा तर वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. नाशिकला ओझरचा विमानतळ आणि देवळालीची लष्करी छावणी आहे, तेव्हा त्या जागेवर उडवण्यास मुभा आहे की नाही हे नकाशावर आधी पाहावे लागते. शिवाय मंगलाष्टकांच्या वेळी डोक्यावर ते यंत्र घोंघावले की अक्षता वधूवरांऐवजी ड्रोनवर टाकाव्यात असे वाटते.

कृष्णधवल

विषयांतर चालूच आहे तर फोटोंच्या मालकीचेही सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. तिठा मोबदला घेत नसल्यामुळे मालकी त्यांची राहील. डिंकाचे लाडू हा मोबदला ठरतो की नाही यावर कायदेपंडितांनी प्रकाश टाकावा.

अभ्रक

मूळ विषयाकडे येतो. ए६४०० मध्ये कार्ड एकच बसते, त्यामुळे एकाच वेळी दोन प्रती होत नाहीत. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात सुमारे २,००० फोटो मावतात. एकच मोठे कार्ड दिवसभर वापरण्यापेक्षा हळद, मुहूर्त आणि स्वागत समारंभ यांसाठी वेगवेगळी कार्डे ठेवावीत, आणि नानांच्या रोलप्रमाणे मंगलाष्टकांपूर्वी कार्ड बदलावे. बॅटरी एका दमात साडेतीनशे-चारशे फोटो देते. तीन तरी बॅटऱ्या असाव्यात. रात्री घरी आल्यावर झोपण्यापूर्वी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती कराव्यात, आणि त्या उघडून पाहिल्याशिवाय कार्डे पुसू नयेत.

केळफूल यांच्या मताविषयी माझे मत थोडे बदलले आहे. खुल्या लॉनवर, गोरज मुहूर्ताला आणि दुसरा कॅमेरा एफ/२.८ लेन्ससह हजर असताना, फ्लॅशवर खर्च करणे योग्य ठरेल. कार्यालयात सकाळचे लग्न असते तर मी लेन्सवरच अडून राहिलो असतो.

तिठा

मग असे ठरवतो. लिथियम बॅटरीचा एक फ्लॅश, सोनीचा ट्रिगर, स्टँड, छत्री आणि नारिंगी जेल विकत घेईन. उरलेल्या पैशांत दोन बॅटऱ्या आणि कार्डे येतील. ३० मिमी एफ/१.४ लेन्स मुहूर्ताच्या दिवसासाठी भाड्याने मिळते का, हे आडगाव_नाका यांच्या सल्ल्याप्रमाणे आजच विचारतो. मित्र अंतरपाटाच्या कडेला उभा राहील, मी वधूच्या बाजूला ५० मिमी घेऊन असेन, आणि लाजाहोमाच्या वेळी दोन्ही कॅमेरे त्याच्याकडे असतील. विधींचा कागद मावशीकडून लिहून घेणार आहे, ज्येष्ठांची यादीही तीच देईल.

शेवटची शंका अशी, की स्टँडवरचा फ्लॅश गर्दीत कोणी पाडला तर? आणि दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र लावताना क्रम कसा जुळवायचा?

केळफूल

स्टँडच्या पायावर वाळूची किंवा तांदळाची पिशवी बांधावी. लग्नघरी तांदळाला तोटा नसतो. स्टँडचा एक पाय वजनाच्या दिशेला, म्हणजे छत्री झुकते त्या बाजूला असावा. वारा असेल तर छत्री काढून टाकावी आणि फ्लॅश उघडाच, पण दूर व उंच ठेवावा. शक्य असेल तर मंडपाच्या खांबालाच क्लॅम्पने बांधावा, मग कोणाच्या पायात येण्याचा प्रश्नच उरत नाही. शक्ती पूर्ण ठेवू नये. १/८ वर तो लगेच पुन्हा तयार होतो आणि संध्याकाळभर टिकतो. व्हिडिओवाल्यांना आधी भेटून त्यांचा दिवा कोठे असेल ते विचारावे, आणि आपला फ्लॅश त्याच्या समोरच्या कोपऱ्यात लावावा. ते रोज हे काम करतात. गोडीने विचारले तर अंतरपाटाच्या वेळी दोन पावले बाजूलाही सरकतात.

क्रमासाठी हळदीच्या सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे एकाच मोबाइलवरून सेकंदापर्यंत जुळवावीत. नंतर दोन्ही कॅमेऱ्यांनी त्याच मोबाइलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवावा. काही सेकंदांचा फरक राहिलाच तर त्या फोटोवरून तो मोजता येतो आणि संगणकावर एका कॅमेऱ्याच्या सगळ्या वेळा तेवढ्याने पुढे-मागे करता येतात. फाइलींची नावे मात्र हे झाल्यावरच बदलावीत.